सेम्बावांगमध्ये बसून निवडलेला बॉयलर

सिंगापूरमध्ये राहून घर गरम कसं करायचं याचा अभ्यास करणारं कुटुंब म्हणून आमचा कुठेतरी सत्कार व्हायला हवा. इथे बाराही महिने घाम येतो. अंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत दुसऱ्या अंघोळीची गरज भासते. नवरा-बायकोचं भांडण होतं तेही एसी चोवीसवर ठेवायचा की पंचवीसवर, एवढ्यावरच. अशा गावात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर एकच विषय होता. दगडी कोळशाचा बॉयलर, आणि तो किती मोठा घ्यावा.

बॉयलर आमच्यासाठी नव्हता. आम्ही अजून तितके वाया गेलेलो नाही. तो हवा होता माझ्या दादाला.

दादा माझ्याहून बराच मोठा. नोकरी पुण्यातच, एका कारखान्याच्या खरेदी विभागात. तिथे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी यंत्रं घेतली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी काहीतरी भव्य घेण्याची त्याला हुक्की आली. लोक निवृत्तीनंतर कुंड्यांत मिरच्या लावतात, पेटी शिकतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. दादा ट्रेकला म्हणून हिमाचलात गेला आणि घर घेऊन परत आला. कुलूच्याही वर, डोंगराच्या कुशीत, कोणीतरी हॉटेल म्हणून बांधायला घेतलेली तीन मजली इमारत. त्या माणसाला अर्ध्यावर शहाणपण सुचलं आणि त्याने ती विकायला काढली. ते शहाणपण घराबरोबर दादाला मिळालं नाही.

एवढं मोठं घर कशाला, तर आपण सगळ्यांनी एकत्र राहायचं म्हणून. तळमजला दादा-वहिनीचा, मधला आमचा, सगळ्यात वरचा पुण्यातल्या धाकट्या भावाचा. "म्हातारपणी तरी एका छपराखाली राहू गं," असं दादा म्हणायचा आणि म्हणताना त्याचा गळा दाटून यायचा. आता गळा दाटलेल्या मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणायचं, हे आमच्या घराण्यात कोणाला शिकवलेलंच नाही. रिक्षावाल्याला नाही म्हणू, बँकेच्या मॅनेजरला नाही म्हणू, व्याह्यांना तर आनंदाने म्हणू. दादाला मात्र, "हो, येऊ की, नक्की येऊ." मी म्हटलं, धाकट्याने म्हटलं, माझ्या नवऱ्यानेही म्हटलं. एवढं गोड बोलून झाल्यावर आम्ही इथे पीआरचे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे, कागद भरले, फ्लॅट घेतला, आणि धाकट्याने पुण्यात रो-हाउस बुक केलं.

वहिनी अर्थातच दादाबरोबर हिमाचलात गेली. सामान जातं तशी गेली असं म्हणणार होते, पण ते बरं दिसत नाही. वहिनीला दमा आहे. पुण्यात तिची सख्खी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, भिशी होती, गाण्याचा क्लास होता, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी रोजची अर्ध्या तासाची गुफ्तगू होती. डोंगरातली हवा दम्याला चांगली, असं दादाने जाहीर केलं. हे त्याला कोणत्या डॉक्टरने सांगितलं ते विचारायचं राहून गेलं.

पहिल्याच हिवाळ्यात धाकटा भाऊ बायको-मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत तिकडे जाऊन आला. तळघरात एक छोटा कोळशाचा बॉयलर होता, मूळ मालकाने बसवलेला. तो पाणी तापवायचा, पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरायचं आणि खोल्या ऊबदार व्हायच्या. म्हणजे तळमजल्याच्या व्हायच्या. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पाण्याचा उत्साह मावळलेला असायचा. धाकट्याचं कुटुंब स्वेटर, जाकीट आणि कानटोप्या घालून झोपलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला ऑफिसचं एकदम अर्जंट काम निघालं. नाताळच्या सुट्टीत, जेव्हा त्याच्या कंपनीत वॉचमनही नसतो.

यातून कोणीही जो निष्कर्ष काढेल तो दादाने काढला नाही. दादाने काढलेला निष्कर्ष असा, की बॉयलर छोटा पडतो. मोठा बॉयलर बसवला की वरचे मजले तापतील, आणि मजले तापले की माणसं येतील. एवढं सोपं.

आणि मग त्याला आठवलं की आपल्या बहिणीचा नवरा बॉयलरवाला आहे.

माझा नवरा मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून काढून आता तो इथल्या एका यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करतो. दादा त्याला अजूनही 'चीफसाहेब' म्हणतो. पण चीफसाहेबांनी जन्मात कोळशाचा बॉयलर पाहिलेला नव्हता. जहाजावरचा कोळसा त्याच्या आजोबांच्या काळातच संपला. त्याने आयुष्यभर हाताळले ते तेलावर चालणारे. इथे सिंगापुरात कोळसा म्हणजे हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजायला वापरतात तो लोणारी, आणि तिथे बॉयलरचा सल्ला मिळत नाही, मिळते ती शेंगदाण्याची चटणी.

"बॉयलर तो बॉयलर," दादा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "चीफसाहेब, तुम्ही एवढी मोठी जहाजं चालवलीत, आमचं घर काय चीज आहे?"

यावर माझा नवरा खुलला. माझ्या माहेरची माणसं त्याला एरवी मीठ पुढे कर यापलीकडे काही सांगत नाहीत. त्या दिवसापासून घरभर कागद पसरले. भिंतीची जाडी, खिडक्यांचं माप, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, बाहेर उणे किती आणि आत किती हवं. घामाने भिजलेला बनियन घालून, डोक्यावर पंखा गरगरत असताना, हा माणूस हिमाचलातल्या एका खिडकीतून किती ऊब बाहेर जाते याचं गणित मांडत बसायचा. आमची मुलगी हे बघून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू सिरियस आर? हिअर ऑलरेडी सो हॉट, लाह."

दादाचं बॉयलरचं ज्ञान मात्र सगळं बंबावर आधारलेलं होतं. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, ज्यात मधल्या नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी. माणसं वाढली की मोठा बंब आणायचा, एवढं सरळ शास्त्र. त्यामुळे बॉयलर किती मोठा, या प्रश्नाचं त्याच्याकडे एकच उत्तर तयार असायचं: "परवडेल तेवढा मोठा. थोडं जास्त असलेलं बरं. पाहुणेबिहुणे येतात." ज्या घरी घरचे जात नव्हते, तिथल्या पाहुण्यांचीही सोय चालली होती.

नवऱ्याने शेवटी त्याला मुद्द्याचा प्रश्न विचारला. "दादा, जानेवारीत रोज किती खोल्या गरम लागतील? म्हणजे माणसं राहत असलेल्या खोल्या."

"सगळ्या," दादा म्हणाला. "तुम्ही सगळे येणारच आहात ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी गॅसवर काही नसताना गॅसकडे पाहिलं.

"हो हो," नवरा म्हणाला.

तेवढ्यात दादाने कॉल चालू असलेला फोन हातात घेतला आणि आम्हाला आमचा मजला दाखवायला नेलं. आमची खोली, तिच्या खिडकीतून दिसणारं बर्फाचं शिखर, आणि पलीकडे मुलीची खोली. तिच्या भिंतींना फिकट हिरवा रंग. "तिला हिरवा आवडतो म्हणून मुद्दाम," तो म्हणाला. तिला हिरवा आवडायचा तेव्हा ती बालवाडीत होती. आता ती कॉलेजात जाते आणि काळा सोडून दुसरा रंग अंगाला लावत नाही. पण दादाचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "काय सुंदर रे!" मागून वहिनीच्या खोकल्याचा आवाज येत होता. ती जिना चढून वर आली नाही.

त्याच सुमाराला आमच्याकडे जेवायला नवऱ्याचा एक मित्र आला होता. इथेच चोआ चू कांगला राहतो, मूळ पुण्याचा, आयटीत मॅनेजर, त्यामुळे त्याला न कळणारा विषय नाही. त्याने दोन पुरणपोळ्या संपवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बॉयलर राहू दे. आधी मला सांग, युजर किती?" मी त्याला तिसरी पुरणपोळी वाढली. "अरे, युजर किती हे माहीत नसताना सिस्टीम कशी निवडताय?" आयटीवाल्यांचा मला एरवी राग येतो. त्या दिवशी जरा जास्तच आला, कारण तो बरोबर बोलत होता.

खरी गोष्ट नवऱ्याने मला पुलाउ उबीन बेटावर सांगितली. रविवारी आम्ही सायकली चालवायला तिकडे गेलो होतो. बमबोटीतून, म्हणजे तिकडे नेणाऱ्या छोट्या होडीतून, उतरतानाच दादाचा मेसेज आला, एका कारखान्याच्या भल्यामोठ्या बॉयलरचा फोटो आणि खाली 'हा कसा वाटतो?' त्या बॉयलरवर एखाद्या होस्टेलचं काम भागलं असतं. आम्ही झाडाखाली शहाळी घेऊन बसलो आणि नवरा फोटोकडे बघत म्हणाला, "हा घेतला तर वहिनी मरेल."

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

"दोघांचा भात तू आचाऱ्याच्या पातेल्यात लावशील का?" त्याने विचारलं. "कोळशाच्या विस्तवाचं तसंच असतं. तो धडधडून पेटला तर स्वच्छ जळतो. मोठा बॉयलर आणला आणि तापवायच्या खोल्या दोनच, तर तो सगळा वेळ हवा कोंडून दाबून ठेवावा लागतो. मग तो जळत नाही, नुसता धुमसतो. धूर होतो, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, धुराडं तुंबतं, आणि धूर घरात परत येतो. कोळशाचा धूर विषारी असतो, कधी कधी त्याचा वासही येत नाही. दमा असलेल्या बाईला त्या घरात ठेवायचं?"

"मग सांग ना त्याला, छोटा घे म्हणून."

"काय कारण सांगू? त्याच्या हिशेबाने सगळे मजले भरलेले आहेत. मजले भरलेले असतील तर हा बॉयलर अगदी बरोबर आहे. मी चुकीचं मशीन सांगणार नाही, पण खरी माणसं किती, ते आधी त्याला कळायला हवं."

तो शहाळ्यातली मलई खरवडून खायला लागला. मी मात्र तिथेच भडकले. त्याच्यावर नाही, त्या सगळ्या थंडीवर. कारण माझ्या लक्षात आलं होतं की थंडीने आमची किती मस्त सोय केली होती. 'वर फार गारठा असतो रे दादा, मुलीला सोसत नाही,' 'यंदा नको, तुझं हीटिंग नीट होऊ दे,' 'तुझा बॉयलर एकदा बसला ना, की येतोच बघ.' आम्ही तिघा भावंडांनी, म्हणजे खरं तर दोघांनी, सगळा नकार त्या तळघरातल्या बिचाऱ्या छोट्या बॉयलरच्या माथी मारला होता. दादा सरळमार्गी माणूस. अडचण बॉयलरची आहे म्हटल्यावर तो बॉयलर बदलायला निघाला. मोठा बॉयलर बसला असता तर आमच्याकडे न जायला कारणच उरलं नसतं, आणि आम्ही तरीही गेलो नसतो. मग घर रिकामंच राहिलं असतं, आणि त्या धुरात वहिनी.

घरी येऊन मी धाकट्याला फोन लावला. त्याला सगळं समजावलं. धूर, धुराडं, वहिनीचा दमा.

"बाप रे," तो म्हणाला. "मग तू सांग दादाला."

"मी का? तूपण येणार नाहीयेस ना?"

"ताई, तू मोठी आहेस. आणि तू लांब आहेस. मला इथे त्याच्या सगळ्या नातेवाइकांना तोंड दाखवायचं असतं."

त्याचे नातेवाईक म्हणजे आमचेच नातेवाईक, पण ते असो. मुलीला विचारलं तर ती हेडफोन न काढता म्हणाली, "जस्ट टेल हिम नो, मम्मा. वाय सो हार्ड?" तिला दोन भाषांत नाही म्हणता येतं, आणि दोन्हीत ते एकाच दमात येतं. मला तिचा हेवा वाटला.

दादाचा पुढचा कॉल आला तो सकाळी, मी ऑफिसला निघायच्या बेतात असताना. त्याच्या अंगावर दोन स्वेटर होते, मफलर होता, आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद होता. तो स्वयंपाकघरात बसला होता, मागे वहिनी ओट्याशी चहा गाळत होती. मोठ्या बॉयलरवाल्याशी बोलणं झालंय, फक्त चीफसाहेबांनी हो म्हटलं की झालं, असं तो म्हणाला. नवरा माझ्या शेजारी बसला होता. त्याने घसा खाकरला. त्याला खरंच सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. पण जावयाने असं काही सांगितलं असतं तर ते जावयाचं बोलणं झालं असतं, आणि दादाने ते हसण्यावारी नेलं असतं.

"दादा," मी म्हटलं. "आम्ही तिकडे राहायला येणार नाही."

"या वर्षी ना? माहितीये. तिची परीक्षा असेल."

"या वर्षी नाही, पुढच्या नाही. कधीच नाही, दादा. तू घर कितीही गरम केलंस तरी नाही. आम्ही इथलेच झालोय आता. आणि धाकटाही येणार नाही. तो सांगत नाही, म्हणून मी सांगते."

बोलताना माझा आवाज चढला होता. वाईट वाटत असलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. दादा मफलर सोडून पुन्हा गुंडाळत राहिला. मागे चहा गाळला जात होता.

"मग चीफसाहेब," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी खरेदी विभागातला झाला, "दोनच माणसं धरली तर कोणता बॉयलर घ्यायचा?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "दादा, दोन माणसांना आहे तोच पुरेसा आहे," तो म्हणाला. "वरच्या मजल्यांच्या नळ्यांतलं पाणी काढून टाका, नाहीतर थंडीत ते गोठून नळ्या फुटतील. नवीन काहीच घ्यायला नको."

वाईट बातमी एखाद्या माणसाला चांगल्या बातमीसारखी कशी सांगतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. एवढा विचार, एवढी मापं, आणि शेवटी उत्तर काय, तर काहीच घेऊ नका. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "दादा, तू रागावू नकोस. वहिनीच्या दम्यासाठी तरी मोठा बॉयलर घेऊ नकोस. धूर होईल."

"रागावलो नाहीये गं," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय... बरं. ठीक आहे. आम्ही दोघं राहू खालच्या मजल्यावर. आम्हाला काय, पुरे आहे. काय गं?" हे शेवटचं मागे वळून, वहिनीला.

वहिनी कप घेऊन पुढे आली. तिने कप त्याच्यासमोर ठेवला आणि कॅमेऱ्यात न बघता त्याला विचारलं, "ते येणार नाहीत ना नक्की?"

"नाही म्हणतेय ती."

"मग आपण इथे कोणासाठी राहतोय?"

दादा तिच्याकडे वळला. "म्हणजे? तुला इथे आवडत नाही?"

एवढ्या दिवसांत किती जणांना किती प्रश्न विचारून झाले होते. खोल्या किती, खिडक्या किती, पाहुणे किती, युजर किती. मी मुलीलासुद्धा विचारलं होतं, जिला काही फरक पडत नव्हता. वहिनीला कोणी काहीही विचारलेलं नव्हतं, मीही नाही.

"मला पुण्याला जायचंय हो," वहिनी म्हणाली. "पहिल्या थंडीपासून जायचंय. तुम्ही रोज म्हणायचात ते सगळे येणार आहेत. सगळे आले आणि मीच नसले तर कसं दिसेल, म्हणून थांबले होते."

दादाने फोन टेबलावर पालथा ठेवला. आमच्या स्क्रीनवर अंधार झाला. आवाज मात्र येत होता, आधी त्याचा, मग तिचा, मग बराच वेळ फक्त तिचा. नवऱ्याने हात पुढे करून कॉल बंद केला.